लक्ष्मणरावांचा नांगर आणि आपला बाजार

बेळगावात एका रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात. मी ह्या शहरात वाढलो, तेव्हा हे नाव लहानपणापासून कानावर आहे. रस्त्यांना नावे असतात तसेच हेही एक नाव, एवढीच माझी समजूत होती. वाणिज्य शाखेत आल्यावर देशी मालाच्या खपाविषयी वाचू लागलो, तेव्हा ह्या नावामागचा माणूस मला प्रथम भेटला. ह्याच रस्त्यावर एकेकाळी त्याचे सायकलचे दुकान होते, आणि ह्याच शहरात त्याने बनवलेले लोखंडी नांगर जवळजवळ दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले होते.

स्वदेशीविषयी आपण जे ऐकतो ते बहुधा गिऱ्हाइकाला उद्देशून असते. देशी वस्तू घ्या, परदेशी टाळा, पैसा देशात ठेवा. सल्ला चांगलाच आहे. पण बाजारात उभे राहिले म्हणजे कळते की घेण्याची इच्छा असूनही मनासारखी देशी वस्तू मिळत नाही, आणि मिळाली तर ती टिकेल की नाही ह्याचा भरवसा वाटत नाही. ह्या अडचणीची दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही. देशी वस्तू बनवून दुकानात मांडणाऱ्याला काय सोसावे लागते? लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचे चरित्र मला ह्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते, म्हणून ते आपल्या नियतकालिकाच्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवतो.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी गुर्लहोसूर येथे झाला. हे गाव त्या वेळच्या बेळगाव जिल्ह्यातले, कानडी मुलखातले. किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातले. घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी, अशी आपल्याकडच्या अनेक घरांची जी रीत आहे तीच त्यांचीही. ह्याच गावात 1843 साली संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचाही जन्म झाला. एकाच गावाने आणि एकाच घराण्याने मराठी रंगभूमीला एक माणूस दिला आणि हिंदुस्थानच्या कारखानदारीला दुसरा. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. शाळेच्या पुस्तकात त्यांचे मन रमले नाही.

1885 च्या सुमारास ते मुंबईला जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. चित्रकार व्हायचे मनात होते. दोनेक वर्षांनी लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने ह्याहून मोठे संकट नाही. त्यांनी रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत, मोजमाप आणि नजर लागते. त्या विद्येत ते तरबेज झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथील यंत्रशाळेत ते नुसते शिकवीत बसले नाहीत. यंत्रे उघडून पाहणे, जोडणे, चालवणे हे त्यांचे खरे शिक्षण तिथे झाले. मला वाटते, पुढे जे काही घडले त्याचे बीज ह्या दिवसांत आहे. वस्तू कशी बनते हे हाताने कळल्यावाचून ती बनवण्याची हिंमत होत नाही.

मुंबईत तेव्हा सायकल हे नवे वाहन होते. लक्ष्मणराव ती चालवायला शिकले आणि मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा ह्यांच्याकडे पाठवू लागले. किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याचा आरंभ 1888 सालचा मानतात तो ह्या सायकलींपासून. सायकल परदेशी, किंमत साध्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची, आणि घेणाऱ्याला ती चालवताही येत नसे. म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल विकत आणि चालवायलाही शिकवीत. नवी वस्तू विकायची तर आधी गिऱ्हाईक तयार करावे लागते, हा धडा दोघा भावांना सायकलीने दिला. पुढे नांगर विकताना तोच उपयोगी पडला.

काही वर्षांनी मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांना हक्काची बढती मिळाली नाही. ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगावला आले. अपमान गिळून पगार घेत राहणे त्या काळी अनेकांनी केले, आणि त्यांना दोष देण्यासारखे त्यात काही नाही, कारण पाठीमागे संसार असे. लक्ष्मणरावांनी मात्र नोकरीची वाट बंद करून घेतली. ह्यापुढे जे मिळवायचे ते स्वतःच्या कारखान्यातून.

इथे त्या काळच्या स्वदेशीविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, ह्यांनी 1872 साली स्वदेशी वापरण्याची शपथ घेतली होती, आणि 1877 च्या दिल्ली दरबारात ते हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यात गेले होते. देशी मालाची दुकाने काढण्यातही त्यांचा पुढाकार होता. पुढे 1905 साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीचे वारे देशभर सुटले. लक्ष्मणरावांची धडपड ह्या दोन टोकांच्या मधल्या काळात सुरू झाली. पण एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. देशी कापड घेण्यासाठी मनाचा निग्रह पुरतो, कारण कापड विणणारे हात गावोगाव होतेच. देशी यंत्र घ्यायचे तर ते बनवणारा कोणी असावा लागतो, आणि तसा माणूस तेव्हा दिवा घेऊन शोधावा लागत होता. शपथ घेतलेल्या माणसालासुद्धा बाजारात देशी यंत्र मिळाले नसते.

बेळगावच्या कारखान्यात सुरुवातीला निघाले ते कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला तर जनावर पाने खाते आणि जाड धाट तसेच टाकते. तोच बारीक कापून घातला तर वाया जात नाही. दुष्काळी भागात वैरणीची एवढी बचत म्हणजे मोठीच गोष्ट. यंत्र साधे होते, पण लक्ष्मणरावांची दिशा ह्यावरून कळते. शहरातल्या श्रीमंताला शोभेची वस्तू विकण्यापेक्षा शेतकऱ्याच्या रोजच्या कामात काय अडते ते त्यांनी पाहिले. मग त्यांचे लक्ष नांगराकडे गेले.

आपल्याकडचा जुना नांगर लाकडी. गावचा सुतार तो करी, फाळाला लोखंड लोहार लावी, आणि दोघांना मोबदला धान्याच्या रूपाने, बलुते म्हणून मिळे. हा नांगर जमीन फाडतो, पण माती उलटीपालटी करीत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की तो मुळासकट काढायला लाकडी नांगर अपुरा पडे आणि जड नांगराला तीन-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत. विलायतेहून येणारे लोखंडी नांगर हे काम चांगले करीत. इंग्लंडच्या रॅन्सम कंपनीचे नांगर त्यांत नावाजलेले होते. तसाच नांगर आपण इथे करावा, आपल्या बैलांना झेपेल असा आणि आपल्या शेतकऱ्याला परवडेल असा, हे लक्ष्मणरावांनी मनात घेतले. 1903 साली त्यांचे पहिले नांगर तयार झाले. भारतीय कारखानदाराने बनवलेला पहिला लोखंडी नांगर म्हणून आज त्याचा उल्लेख होतो.

आणि तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, ती नापीक होते, असा समज शेतकऱ्यांत होता. सुमारे दोन वर्षे विक्री झाली नाही. ही हकीकत सांगताना बहुतेक जण शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेवर बोट ठेवून पुढे जातात. मला तेवढे पुरेसे वाटत नाही. शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याच्या नकाराला आणखीही कारणे दिसतात. लाकडी नांगर मोडला तर सुतार गावातच आहे. लोखंडी नांगराचा बिडाचा फाळ झिजला किंवा तडकला तर नवा कुठून आणायचा? सुताराला धान्य देऊन भागे, ह्या नांगराला रोख रुपये मोजायचे. पेरणीच्या तोंडावर औत अडले तर वर्षाचे पीक जाणार, आणि ते नुकसान कारखानदार भरून देणार नाही. अशा माणसाने नव्या वस्तूला हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार केला, तर त्यात शहाणपणाचाही भाग होता.

शिवाय एक गमतीची गोष्ट अशी की, शेतकऱ्याच्या दृष्टीने स्वदेशी नांगर त्याच्याकडे होताच. गावच्या बाभळीचा, गावच्या सुताराने केलेला. त्याला लक्ष्मणरावांचा नांगर हाच परका. आणि ज्या सुशिक्षितांना देशी कारखानदारीचा अभिमान होता त्यांच्यापैकी बहुतेकांना नांगराची गरज नव्हती. म्हणजे ज्याला वस्तू हवी त्याला ती देशी असल्याचे अप्रूप नाही, आणि ज्याला देशीचे अप्रूप त्याला ती वस्तू नको. ह्या दोघांच्या मध्ये लक्ष्मणरावांचे नांगर अडकून पडले होते. देशाभिमानाच्या आवाहनावर तो माल खपण्यासारखा नव्हता. तो शेतात उतरून, चालून दाखवूनच खपणार होता.

तसेच झाले. एकदा काही शेतकऱ्यांनी तो घेतला, त्यांच्या रानात नांगरट खोल झाली, जमीन नासली नाही, पीक वाईट आले नाही, हे शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि मागणी हळूहळू वाढू लागली. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाणारी ही जाहिरात कोणत्याही फलकापेक्षा भारी असते. लक्ष्मणरावांचे मोठेपण मला ह्यात दिसते की, त्या रिकाम्या दोन वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला नावे ठेवून नांगर मोडीत काढला नाही. माल खपत नाही म्हणून पुन्हा नुसती परदेशी वस्तूंची विक्री करणे त्यांना सहज शक्य होते. दुकान होते, ओळखी होत्या, त्यात नफाही होता.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले तोच दुसरे संकट आले. शहराच्या वाढीच्या योजनेत कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. बेळगावात बसवलेली यंत्रे आणि भट्टी उचलून न्यायची कुठे? त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. औंधला देवीच्या मंदिराच्या मंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे आले होते, त्यातून त्यांचा परिचय झाला होता. राजेसाहेबांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन दिली. जमीन म्हणजे माळरान, निवडुंगाने भरलेले. पाणी लांब, सावली नाही, सापांचा सुकाळ. मार्च 1910 मध्ये तिथे बिऱ्हाड हलले. बेळगावचे काही सहकारी आपल्या कुटुंबांसह लक्ष्मणरावांबरोबर गेले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई ह्यांनीही त्या माळावरचे सुरुवातीचे हलाखीचे दिवस काढले. हीच पुढची किर्लोस्करवाडी. कुंडल रोड स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले.

ही वाडी नुसता कारखाना नव्हती. कामगारांसाठी घरे, शाळा, पाण्याची सोय असे एक गाव त्यांनी वसवले. आपल्या देशातल्या पहिल्या काही औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते. गुन्हेगार म्हणून समाजाने दूर लोटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कामावर घेतले आणि वाडीच्या राखणीचे काम त्यांच्याच हाती सोपवले. अस्पृश्यता पाळायची नाही असा वाडीचा नियम होता. 1910 नंतरच्या त्या दशकात, एका संस्थानी मुलखात, हे सोपे नव्हते. मला ह्याचा संबंध नांगराशी लावावासा वाटतो. जो माणूस टाकून दिलेल्या माळावर कारखाना उभारू शकतो त्याला टाकून दिलेल्या माणसाचेही मोल कळते.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विलायती माल येणे दुरापास्त झाले. परदेशी नांगर बाजारातून दिसेनासे होऊ लागले. ज्यांनी आजवर देशी नांगराकडे पाहिले नव्हते तेही आता किर्लोस्करवाडीकडे वळले. देशी कारखानदाराला ह्याहून चांगली संधी कोणती? पण त्याच वेळी एक अवघड सत्य पुढे आले. नांगर वाडीत बनत होता, त्यासाठी लागणारे कच्चे लोखंड मात्र बाहेरून येत होते. ते मिळेना, भट्टीसाठी कोळसा मिळेना. मागणी दारात उभी आणि हात रिकामे. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या निकामी तोफा नांगर ओतण्यासाठी दिल्या. तोफांचे लोखंड वितळून त्याचे फाळ झाले.

ही तोफांची गोष्ट ऐकायला छान वाटते, पण तिच्यामागचा प्रश्न आजही सुटलेला नाही. वस्तू देशी कधी म्हणायची? इथे जोडली म्हणजे, इथे ओतली म्हणजे, की तिचे लोखंडही इथल्या खाणीतून निघाले म्हणजे? आज आपण देशी म्हणून घेतलेल्या पंख्याच्या किंवा मोबाइलच्या आत किती भाग बाहेरून आलेले असतात, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. लक्ष्मणरावांच्या आयुष्यावरून मला असे दिसते की, देशीपणा ही एका दिवसात पुरी होणारी गोष्ट नाही. आधी वस्तू इथे करायची, मग तिचे भाग, मग ते भाग करणारी यंत्रे. एकेक पायरी चढत जायचे. पहिल्या पायरीवर शंभर टक्के देशीचा हट्ट धरला असता तर 1903 साली नांगर निघालाच नसता.

युद्ध 1918 मध्ये संपले. आता परदेशी माल परत येणार हे उघड होते. युद्धामुळे मिळालेले गिऱ्हाईक शांततेत टिकवायचे तर मालाच्या गुणावरच टिकवावे लागते. 1920 च्या जानेवारीत किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही मर्यादित कंपनी नोंदवली गेली आणि लोकांचे भांडवल धंद्यात आले. त्याच साली किर्लोस्कर खबर हे पत्र निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. मुळात ते कंपनीची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारे लहानसे पत्र होते. पुढे ते महाराष्ट्रातल्या नामांकित मासिकांपैकी एक झाले, आणि त्याच घरातून 1930 मध्ये स्त्री आणि 1934 मध्ये मनोहर ही मासिके निघाली. नांगराच्या कारखान्यातून साहित्याचे मासिक निघावे ह्याचे मला फार दिवस नवल वाटत असे. आता वाटत नाही. ज्याला नवी वस्तू विकायची आहे त्याला आधी नव्या विचाराचा वाचक लागतो. लोखंडाने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या समाजात नांगर आणि वाचन ही दोन्ही औते एकाच रानातली होती.

नांगरामागून उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पाणी उपसण्याचे पंप, इंजिने अशी यंत्रे येत गेली. 1926 मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप निघाला. त्याच साली थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन परतले आणि पुढच्या पिढीने कामाला हात घातला. यंत्रे बनवणारी यंत्रे इथेच झाली पाहिजेत ह्या विचाराने 1941 मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ बनवण्याचा कारखाना निघाला. 1946 मध्ये पुण्यात तेल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला. कानडी मुलखात जन्मलेल्या माणसाचे काम मराठी मुलखात वाढून पुन्हा कानडी मुलखात परत आले. मराठी शेतकऱ्याने ज्याला नांगर म्हटले त्यालाच कानडी शेतकऱ्याने नेगिलु म्हटले. फाळाने दोन्हीकडची माती सारखीच उलटली. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला. पुण्याचा, बंगळूरचा आणि मूळचा वाडीचा उद्योग आजही चालू आहे.

लक्ष्मणरावांच्या आयुष्याच्या अखेरीस एक फार कडवट प्रसंग आला. जानेवारी 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आग लावण्यात आली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा 78 वर्षे. निवडुंग तोडून वसवलेल्या वाडीची राख त्यांना पाहावी लागली. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि काम सुरू झाले. ह्या घटनेविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण माझ्या मते तो पुन्हा उभा राहिला एवढेच सांगणे पुरे आहे. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. 20 जून 1969 रोजी त्यांच्या जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आता आपल्या बाजाराकडे वळू. लक्ष्मणरावांच्या काळी देशी वस्तू शोधणाऱ्याला ती सापडत नसे. आज वस्तू पुष्कळ आहेत, पण कुठली देशी हे ओळखणे कठीण झाले आहे. नाव इंग्रजी आणि माल इथला, किंवा नाव संस्कृत आणि माल बाहेरचा, असे दोन्ही प्रकार आढळतात. म्हणून नावावर जाऊ नये. वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता तिथे असतो. आयात केलेल्या मालावर आयातदाराचे नाव आणि मूळ देश छापावा लागतो. घरबसल्या मागवण्याच्या मालाबाबतही मूळ देश दाखवण्याचे बंधन 2020 च्या नियमांनी घातले आहे. विजेच्या वस्तूंवर मानक चिन्ह आहे का तेही पाहावे. मात्र हे चिन्ह गुणाची खूण आहे, देशीपणाची नव्हे. परदेशी कारखान्यालाही ते मिळू शकते. ही दोन्ही तपासण्या वेगळ्या आहेत आणि दोन्ही केल्या पाहिजेत.

ह्याखेरीज एक तिसरा प्रश्न मी दुकानात नेहमी विचारतो. तो मी त्या दोन वर्षे नांगर न घेणाऱ्या शेतकऱ्यांकडून शिकलो. बिघडल्यास दुरुस्ती कुठे होईल आणि सुटे भाग कुठे मिळतील? देशी मालाची खरी सरशी इथेच असायला हवी. बनवणारा जवळ असेल तर त्याच्या दाराशी जाऊन जाब विचारता येतो. आपल्या बेळगावात उद्यमबागेत ओतशाळा आणि यंत्रांचे लहानमोठे कारखाने आहेत. तिथला माल दूरदूर जातो. पण तो कारखान्यांना लागणारा माल असल्यामुळे शहरातल्या दुकानांच्या फळीवर दिसत नाही, आणि आपल्या गावात काय बनते हे आपल्याच विद्यार्थ्यांना माहीत नसते. महाविद्यालयाने वर्षातून एकदा तरी तिथे सहल न्यावी, असे मला मनापासून वाटते.

वाचकांपैकी पुष्कळ जण उद्या कमावते होतील, काही जण कदाचित कारखाने काढतील. जे गिऱ्हाईक होतील त्यांनी देशी वस्तूला पहिली संधी द्यावी. ती वाईट निघाली तर मुकाट्याने परदेशी वस्तूकडे वळू नये, बनवणाऱ्याला तसे स्पष्ट कळवावे. तक्रार करणारे गिऱ्हाईक हे देशी मालाचे शत्रू नसते. आणि जे कारखानदार होतील त्यांनी माल खपला नाही म्हणून लोकांच्या देशाभिमानाला बोल लावू नये. लक्ष्मणरावांनी लावला नाही. त्यांनी नांगर रानात नेला.